उंबरठ्यावरचं पाणी

मित्रांनो, कळशी म्हटली की तुम्हाला भरून ठेवलेलं पाणी आठवेल. मीही एक जुनी तांब्याची कळशीच आहे, पण पाणी भरून ठेवण्याचं काम माझ्याकडून कधीच सुटलं. आता मी वर्षातून चार-पाच वेळा भरते आणि भरल्याबरोबर सांडते. सांडणं हेच माझं काम. एरवी मी बाल्कन डोंगराच्या पायथ्याशी, गुलाबांच्या शेतांमधल्या एका गावात, स्तामेन आजोबांच्या दारामागच्या खिळ्यावर टांगलेली असते.

गेन्चो नावाच्या तांबटानं मला घडवलं. एका कानानं तो ठार बहिरा होता. ठोक्यांच्या धंद्यात कान असेच जातात. पण त्याच्या बोटांना ऐकू यायचं. पत्रा तापवायचा, निववायचा, पुन्हा ठोकायचा, आणि झोपलेल्या वासराच्या अंगावरून हात फिरवावा तसा तळहात फिरवून बघायचा, पोट सारखं आलं की नाही. शेवटी त्यानं मला बारीक हातोडीनं मठारलं, लोखंडी कडी बसवली आणि आतून कथलाची कल्हई केली. त्या दिवशी मी एकटी नव्हते. माझ्याच अंगाची दुसरी त्यानं घडवली होती, कारण कावडीला दोन लागतात. आम्ही जुळ्या बहिणी स्तामेन आजोबांच्या आईबरोबर, तिच्या लग्नात, या घरी आलो.

गावाखाली दगडी झरा होता. सकाळ-संध्याकाळ आम्ही कावडीला लोंबकळत तिथं जायचो. कोणाच्या घरी काय शिजतंय, कोणाची सून रुसली, हे झऱ्यावर आधी कळायचं, घरात नंतर. मी फार गोष्टी ऐकल्या आहेत, मित्रांनो. पण कळशीच्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर येत नाही, पाणीच तेवढं येतं.

आमच्याकडे नवरी सासरी आली की उंबरठ्यावर पाण्यानं भरलेली कळशी ठेवतात, वर फुलं टाकतात. नवरीनं ती पायानं उडवायची. पाणी जितकं लांब जाईल तितकं सुख लांबवर पसरतं. स्तामेनची नवरी नेदेल्या आली तेव्हा तिनं मला अशी लाथ मारली की मी अंगण ओलांडून आलुबुखाराच्या झाडावर जाऊन आपटले. माझ्या कुशीत हा पोचा दिसतोय ना, तो त्या दिवशीचा. मांडवातली माणसं हसली. सासूबाई म्हणाल्या, सुख येईल की नाही ते बघू, पण पाय भक्कम आहेत.

मग घरोघरी नळ आले. प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या, निळ्या आणि लाल, हलक्या आणि निर्लज्ज. माझ्या बहिणीला त्यांतल्याच दोन बादल्यांच्या बदल्यात एका भंगारवाल्यानं नेलं. मी तळघरात गेले. एक वर्ष माझ्यात कांदे होते, मग कोंबड्यांचा मका. कल्हई उडाली, आतून हिरवा कळंक चढला. पुढे कोणीतरी म्हणालं, तळाला भोक पाडून हिच्यात फुलझाड लावू. भोक पाडायचा खिळा आणि हातोडी माझ्याशेजारी येऊनही पडली होती. मला वाईट वाटलं नाही असं कसं म्हणू? पण भांड्याला तोंड असतं, जीभ नसते.

मला वाचवलं ते नेदेल्यानं. तिचा मुलगा ल्युबेन पहिल्या नोकरीसाठी घर सोडून निघाला होता. आमच्याकडे कोणी मोठ्या वाटेला निघालं, की घरातलं माणूस दारात उभं राहून त्याच्यापुढे पाणी ओततं. पाण्यासारखी वाट सरळ वाहावी, काही अडू नये, आणि गेलेलं माणूस सुखरूप परत यावं म्हणून. नेदेल्याच्या हाताशी प्लॅस्टिकची बादली होती. तिनं ती उचलली, परत ठेवली आणि तळघरात उतरली. व्हिनेगर आणि मीठ घेऊन तिनं मला इतकं घासलं की ल्युबेनची बस चुकायची वेळ आली. मग पाणी भरून, त्यात रानजिरेनियम या सुवासिक रानझुडपाची एक डहाळी टाकून, ती ओतता ओतता पुटपुटली:

पाणी गेलं पुढं, वाट झाली ओली,
गेलेली पावलं पुन्हा दारी आली.

त्या दिवसापासून मी दारामागच्या खिळ्यावर आहे. कोणी परीक्षेला निघो, कोणी दवाखान्यात, कोणी परमुलुखात. नेदेल्या मला उतरवायची. ती वारल्यावर स्तामेन आजोबा उतरवू लागले. खरं तर हे बाईमाणसाचं काम. पण आजोबांना ते जमतं. चाळीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या फाटकावर नोकरी केली. दुसऱ्यांना नीट जाऊ देणं त्यांच्या हाडात मुरलेलं. बाजारात कल्हईवाला बसला की ते मला आठवणीनं घेऊन जातात. भात्यानं निखारे फुलतात, नवसागराचा धूर नाकात जातो, कापसाचा बोळा फिरतो आणि मी आतून पुन्हा चांदण्यासारखी होते.

आता ज्या दिवसांसाठी मी हे सगळं सांगत बसले, त्या दिवसांकडे येते.

ल्युबेन आता गावातच असतो. गुलाबाचं तेल काढायच्या कारखान्यात काम करतो. त्याची बायको देनित्सा, नऊ वर्षांची कालिना आणि पाच वर्षांचा बोयान. या चौघांना वेलिको तर्नोवोला जायचं होतं. डोंगराच्या पलीकडे ते आमचं जुनं राजधानीचं शहर. कालिनानं शाळेत त्याचा धडा वाचला आणि घरात दुसरा विषय उरला नाही. पहिल्या वर्षी बेत ठरला, तर बोयानला कांजिण्या आल्या. दुसऱ्या वर्षी गुलाब उशिरा फुलले आणि ल्युबेनला रजा मिळाली नाही. म्हणून या वर्षी देनित्सानं हंगाम संपल्यावरची, जूनच्या मधली तारीख धरली आणि द्राक्षवेलीखालच्या टेबलावर वही उघडली.

दार उघडं असायचं, त्यामुळे मला सगळं दिसायचं. काय बेत चालले होते ते विचारू नका. देनित्साला नदीवरची जुनी घरं आणि कारागिरांची गल्ली बघायची होती. ल्युबेनचं एकच म्हणणं, आधी किल्ला, ऊन चढायच्या आत. नाहीतर पोरं अर्ध्या चढावर बसतील आणि मला खांद्यावर घ्यावी लागतील. कालिनानं कागदावर किल्ला काढला होता आणि त्यावर चढणाऱ्या माणसांच्या काड्या. बोयानला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की राजा घरी असेल का.

आजोबा काकडीच्या वेलांना काठ्या बांधत होते. तिथूनच म्हणाले, "नसेल रे. सहाशे वर्षं झाली, गेलाय तो बाहेर. निघताना कोणी पाणी ओतलं नसणार, म्हणून परत आला नाही."

बोयान गंभीर झाला. मग त्यानं देनित्साच्या वहीत काहीतरी गिरगटलं आणि सांगितलं की 'पाणी' असं लिहिलंय, विसरू नका.

तेवढ्यात देनित्सानं कालिनाच्या चित्रातल्या काड्या मोजल्या. त्या पाच होत्या. खोली चौघांची ठरवली होती. ही पाचवी काडी कोणाची, असं तिनं विचारलं, तर कालिना म्हणाली, टोपी दिसत नाही का, आजोबांची.

आजोबा हसले. गाडीत त्या जागेवर खाण्याची टोपली बसेल, म्हणाले. शिवाय कोंबड्यांना कोण बघणार? काकड्यांना पाणी कोण घालणार? कालिना उठली, कुंपणापाशी गेली आणि शेजारच्या गिन्का मावशींना विचारून आली. कोंबड्या आणि काकड्या, दोन्ही गिन्का मावशी बघणार होत्या. कालिनानं वहीत दोन रेघा मारल्या.

"बरं," आजोबा म्हणाले, "आणि तुमच्यापुढे पाणी कोण ओतणार?"

गिन्का मावशींनी कुंपणावरून तेही काम मागितलं. पण आजोबांनी मान हलवली. शेजारीण कितीही चांगली असो, या पाण्याला घरच्या माणसाचा हात लागतो आणि तो हात घरातच राहावा लागतो. ओतणारा मागे राहतो, म्हणून तर जाणारा परत येतो. हे त्यांच्या आईनं सांगितलेलं, नेदेल्यानं पाळलेलं. ल्युबेननं थोडा हट्ट केला, देनित्सानं थोडा जास्त केला, आणि मग दोघांनीही तो सोडला. काही नकार असे असतात की त्यांच्याशी वाद घातला तर आपणच उद्धट ठरतो.

कालिनानं मात्र वही मिटली नाही.

निघायच्या दोन दिवस आधी, दुपारी, आजोबांनी मला खिळ्यावरून काढलं आणि पायरीवर घासायला बसले. कालिना शेजारी बसली. व्हिनेगर तिनं ओतलं, मीठ त्यांनी चोळलं. घासता घासता तिनं विचारलं की आजोबा, तू जायचास तेव्हा तुझ्यापुढे कोण ओतायचं?

आजोबांनी सांगितलं. सैन्यात गेले तेव्हा आईनं ओतलं. तर्नोवो त्यांनी तेव्हाच एकदा पाहिलं होतं, ट्रकच्या मागच्या फळीतून, धावतं. पोटाच्या ऑपरेशनला गेले तेव्हा आजीनं ओतलं. रडत ओतलं, म्हणून थोडं बाजूला गेलं आणि टाके पिकले.

"आणि आजी गेल्यावर?"

त्यांचा हात माझ्या कुशीतल्या पोच्यावर थांबला. तिथं मीठ अडकतं, ते काढत राहिले. मग म्हणाले, "त्यानंतर मी कुठं गेलोच नाही."

मी खिळ्यावरून अकरा वर्षं बघत होते, मित्रांनो. बाजाराला जाऊन संध्याकाळी परत. त्यापलीकडे एकदाही नाही. भाच्याचं लग्न झालं, आजोबांचे गुडघे दुखत होते. ल्युबेननं समुद्रावर नेतो म्हटलं, टोमॅटो लाल होत होते. सगळ्यांना वाटायचं, म्हातारा घरकोंबडा आहे. त्या दुपारी फक्त आम्हा दोघींना, मला आणि कालिनाला, कळलं की आजोबांना कोंबड्या अडवत नव्हत्या आणि काकड्याही नव्हत्या. नेदेल्यानंतर त्यांच्यापुढे पाणी ओतायचं कोणाच्या मनातच आलं नव्हतं. आणि असं काही आपण होऊन मागता येत नाही.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला कालिनानं जाहीर केलं, ती तर्नोवोला येत नाही. ती घरी राहणार आणि सगळ्यांपुढे पाणी ओतणार. तिच्या जागी आजोबा जातील. देनित्साच्या हातातली सुरी लोण्यातच राहिली. ती म्हणाली, नऊ वर्षांच्या पोरीला एकटं घरी ठेवणारी आई तू कुठं पाहिलीस? ल्युबेननं समजावलं, मग रागावला. जिच्यासाठी दोन वर्षं बेत आखला, तीच नाही आली तर गाडी कशाला काढायची? बोयान रडायला लागला. किल्ल्यावर त्याचा हात कोण धरणार होतं? कालिना बधली नाही. ती रडलीही नाही. हनुवटी नेदेल्यासारखी पुढे काढून पावावर मध लावत राहिली.

आजोबा उठले. ते काकड्यांत गेले आणि बांधलेल्या काठ्या सोडून पुन्हा बांधत बसले.

कुंपणापलीकडून गिन्का मावशींनी ते पाहिलं. त्या आणि नेदेल्या एकत्र वाढलेल्या. बोलायला त्यांना परवाना लागत नाही. म्हणाल्या, "भाऊजी, फाटकाची सवय गेली नाही तुमची. दांडा धरून उभं राहायचं आणि दुनियेला म्हणायचं, जा बाबांनो. आता त्या पोरीलाही दांडा धरायला शिकवा, म्हणजे घराणं पुढे चाललं."

आजोबा एवढंच म्हणाले की वहिनी, तुमची कोंबडी माझ्या वाफ्यात आहे. पण त्यांच्या हातातली सुतळी तुटली, हे मला दिसलं.

निघायची सकाळ उजाडली. लहानशी लाल गाडी फाटकाबाहेर उभी होती. कालिनाला तिच्या आईनं जबरदस्तीनं प्रवासाचे कपडे घातले होते, पण पोरगी दाराच्या आत, आजोबांच्या शेजारी येऊन उभी राहिली. आजोबा घरातल्या कपड्यांत होते. विटकी बंडी, डोक्यावर बागेतली गवती टोपी, पायात सपाता. त्यांनी मला काठोकाठ भरलं, डहाळी टाकली आणि बोलावलं.

आधी ल्युबेन गेला, मग देनित्सा, मग बोयान. प्रत्येकापुढे थोडं थोडं पाणी पडलं आणि उंबरठा काळाभोर झाला. आजोबांनी नेदेल्याच्या ओळी म्हटल्या. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. मग ते कालिनाकडे वळले. माझ्या पोटात निम्मं पाणी उरलं होतं.

"चल, बाळ. तुझी पाळी."

"आधी तू."

"मी ओतणारा आहे."

"मग मला दे. मी ओतते, तू जा."

"आणि तुझ्यापुढे कोण ओतणार? तुला कोण परत आणणार?"

कालिनानं ओल्या उंबरठ्याकडे पाहिलं. बाहेर ल्युबेन गाडीच्या छताकडे बघत उभा होता. बाप असा असहाय झाला की छताकडे बघतो. मला वाटलं, आज या घरातून दोन माणसं जायची राहणार. आणि एकमेकांसाठी थांबलेली ती दोघं आयुष्यभर एकमेकांना दोष देणार नाहीत, हे तर त्याहून वाईट.

मग कालिनानं मला आजोबांच्या हातातून काढून घेतलं. मी जड आहे. दोन्ही हातांनी पोटाशी धरून, फ्रॉक भिजवत, ती ओला उंबरठा ओलांडून बाहेर गेली. बाहेर जाऊन वळली. आता आजोबा आत एकटे आणि ती बाहेर, मधे दार.

"पाणी जाणाऱ्याच्या पुढेच पडायला हवं ना?" ती म्हणाली. "मग मागेच कशाला राहायचं? तू ओतलेल्या पाण्यावरून मी पुढे आले, आता पुढून ओतते."

आणि तिनं मला वाकवलं. सत्तर-पंचाहत्तर वर्षं मी आतून बाहेरच सांडत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर उभी राहून आतल्या माणसापुढे सांडले. पाणी उंबरठ्यावर पडलं, थोडं उडून आजोबांच्या सपातांवर आलं. कालिनाला ओळी अर्ध्याच येत होत्या. तिनं त्या अर्ध्या म्हटल्या.

आजोबा पाण्याकडे बघत राहिले. हे उलटं आहे, असं ते एरवी म्हणाले असते. आईनं असं सांगितलं नव्हतं. नेदेल्यानं असं केलं नव्हतं. पण त्यांच्यापुढे पाणी पडलं होतं, घरच्या हातानं, अकरा वर्षांनी.

"भाऊजी," कुंपणावरून गिन्का मावशी हलकेच म्हणाल्या, "सुकेल ते."

आजोबांनी पाऊल उचललं.

आता पुढचं ऐका. उंबरठा ओलांडल्यावर आमच्यात मागे फिरत नाहीत. फिरलं तर ओतलेलं सगळं वाया. आणि आजोबा तर सपाता आणि बंडीत बाहेर आलेले. बूट आत, कोट आत, दाढीचं सामान आत. टेबलावर चीज घातलेल्या बानित्साची परात आत, सकाळीच भट्टीतून काढलेली. ल्युबेननं एक पाय उचलला, तर चौघं एकदम ओरडले. शेवटी गिन्का मावशी मागच्या दारानं गेल्या. त्या कुठं निघाल्या नव्हत्या, त्यांना बंधन नव्हतं. त्यांनी खिडकीतून बानित्सा दिली, कोट दिला. बूट मात्र त्यांना सापडले नाहीत, म्हणून कुंपणावरून आपल्या नवऱ्याचे दिले, एक नंबर मोठे. किल्ली त्यांनी ठेवून घेतली. खाण्याची टोपली देनित्साच्या मांडीवर गेली, बोयान आजोबांना चिकटला आणि गाडी सुरू झाली.

मी कालिनाच्या हातातच होते. मला आत टांगायला परत कोण जाणार? म्हणून मीही निघाले. जन्मभर दुसऱ्यांना वाटेला लावणारी मी, डोंगराच्या घाटातून, एका भिजलेल्या फ्रॉकवर बसून तर्नोवोला गेले.

मित्रांनो, तिथं नदी इतकी वळणं घेते की तिला शहर सोडवत नाही. घरं एकमेकींच्या खांद्यावरून पाण्यात डोकावतात. ल्युबेनच्या बेताप्रमाणे सगळे आधी किल्ल्यावर गेले आणि अर्ध्या चढावर त्याच्या अंदाजाप्रमाणे बसले. पण आजोबा नाही. ते दुसऱ्याच्या बुटांत टकटक करत, बोयानचा हात धरून वरपर्यंत चढले. वर गेल्यावर बोयाननं इकडेतिकडे पाहिलं आणि राजाला हाक मारली. कोणी आलं नाही. आजोबा म्हणाले, काही हरकत नाही, आपण आलो ना. मग टोपी काढून ते खालच्या नदीकडे बराच वेळ बघत बसले. ट्रकच्या फळीतून त्यांना हे एवढंसं दिसलं होतं.

खाली रस्त्याच्या कडेला एक दगडी झरा होता. कालिनानं मला त्याखाली धरलं. कित्येक वर्षांनी माझ्यात सांडण्यासाठी नव्हे, पिण्यासाठी पाणी भरलं. आतली कल्हई पांढरीशुभ्र होती, म्हणून पाण्याला चव आली नाही, कळंकही लागला नाही. पाचही जण आळीपाळीनं प्यायले. चार पलंगांच्या खोलीत पाच जण कसे मावले ते सांगत नाही, मावले.

आता मी पुन्हा खिळ्यावर आहे. आजोबा समुद्रावर जाऊन आले, भाच्याकडे दोनदा गेले. दर वेळी कालिना पुढे धावते आणि पुढून ओतते. गावातल्या दोन-तीन घरांनी तिचं बघून तसंच सुरू केलंय; जुन्या बायका नाकं मुरडतात आणि फ्रॉक भिजू नये म्हणून त्याचं टोक धरायलाही येतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं भांडं कुठं कांदे सांभाळत पडलं असेल. त्याला वर आणा, घासा, कल्हई करून घ्या. तळाला भोक पाडण्याआधी एकदा विचार करा. आणि दारात उभं राहून सगळ्यांना निरोप देणारं एखादं माणूसही असेल. गुडघे दुखतात, टोमॅटो पिकलेत, घराकडे कोण बघणार, असं ते सांगेल. त्याचं सगळं ऐकून घ्या. मग जो सगळ्यांना 'जा' म्हणतो, त्याला एकदा 'चल' म्हणा, आणि त्यानं पाऊल उचलेपर्यंत दारात थांबा.